साय धरायच्या आत

सांधेकाकांना सांधेकाका का म्हणतात हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर घोटाळा व्हायचा. झालाच होता एकदा. एका घरी कामाला गेले तर तिथल्या आजीबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "डावा जास्त दुखतो हो." तर हाडांचे सांधे नव्हेत. घराची भिंत आणि बाहेरची फरसबंदी जिथे एकमेकींना टेकतात, तिथे जी बोटभर फट पडते तो सांधा, आणि तो बुजवायचं काम काका करतात. तेवढंच करतात. "आलाच आहात तर नळ पण बघा ना," असं कुणी म्हणालं की सरळ कानावर हात ठेवतात.

लोकांना ही फट अगदी किरकोळ वाटते. वाटू दे. याच फटीतून पाणी खाली उतरतं, पायाशी मुरतं, आणि आतल्या खोलीत कपाटामागे भिंतीला ओल आली की घरातले रंगाऱ्याला बोलावतात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! काही हुशार मंडळी फटीत स्वतःच सिमेंट कोंबतात. अहो, फरशी उन्हानं फुगते, थंडीनं आकसते, खालची माती दबली की तीही खचते. भिंत मात्र जागची हलत नाही. मध्ये सिमेंटसारखं ताठ काही घातलंत तर तडा जाणारच. तिथे ताणलं जाणारं सीलंट लागतं. फट खरवडायची, झाडून कोरडी करायची, तळाशी फोमची दोरी दाबून बसवायची, दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावायची आणि मग गननं, म्हणजे पिचकारीसारख्या बंदुकीनं, सीलंट भरत जायचं.

इथवर कुणालाही जमेल. खरं काम पुढे आहे. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्या भरलेल्या रेघेवरून एका दाबानं ओढत न्यायचं, म्हणजे सीलंट दोन्ही कडांना नीट चिकटतं आणि वरून गुळगुळीत होतं. वेळ फार थोडा असतो. तापलेल्या दुधावर धरते तशी सीलंटवर साय धरते, आणि साय धरल्यावर बोट लावलंत की झाल्या सुरकुत्या. मग ते काढून फेकण्यावाचून इलाज नाही.

म्हणजे हे काम दोघांचं. पुढे गन, मागे बोट. गन काकांची आणि बोट काकूंचं.

काकू मुळात या धंद्यातल्या नव्हेतच. लग्न झालं तेव्हा त्या एका बेकरीत कामाला होत्या. केकवर मलई लावून ती सारखी करायची, हे त्यांचं काम. काका तेव्हा फरश्या बसवणाऱ्या टोळीत होते. पुढे बेकरी बंद पडली, आणि त्याच सुमाराला काकांच्या बोटाला छिन्नी लागून भलीमोठी पट्टी बांधावी लागली. हातात घेतलेलं काम अर्धवट, घरमालक दारात उभा. काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी काकांची धडपड जरा वेळ पाहिली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरका. ही मलईच तर आहे, फक्त खायची नाही." आणि जे बोट फिरवलंय! काका बघतच राहिले. पट्टी सुटली, जखम भरली, पण काकू मागे असताना काकांनी परत कधी बोट लावलं नाही.

मग वर्षानुवर्षं तेच. काका उकिडवे बसून पुढे सरकत, काकू साबणाचं वाडगं घेऊन मागून. तोंडं मात्र दोघांची चालू. समोरासमोर बसून या दोघांना कधी धड बोलता आलं नाही. घरी जेवायला बसले की "वाढू?" आणि "पुरे," एवढाच संसार. पण एकदा का भिंतीला लागले की तोंडाचा पट्टा सुरू. लेकीला पुढे शिकवायचं की नाही, हे एका शाळेच्या मागच्या भिंतीपाशी ठरलं. लेकीनं आपणच पसंत केलेला मुलगा काकूंनी काकांच्या गळी उतरवला तो एका दवाखान्याच्या लांबलचक भिंतीला, भिंत संपता संपता काका म्हणाले, "बरं, आण म्हणावं घरी." एकमेकांचं तोंड दिसत नाही, हात गुंतलेले, थांबायची सोय नाही. माणूस मनातलं बोलून जातो.

असं सगळं छान चाललं होतं, आणि लेकीला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. लेक राहते लांबच्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. पहिला मुलगा आधीच द्वाड, त्यात हे तान्हं, लेक-जावई दोघंही नोकरीवाले. काकू महिन्या-दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. मग लेकीची रजा संपली. मग मुलांना सांभाळायला ठेवलेली बाई टिकली नाही. मग नातवाला गोवर आला. आजी तिकडे आणि आजोबा इकडे, अशीच घडी बसली. नातीला दात आले, ती चालायला लागली, आणि अजून काकू तिकडेच होत्या.

यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. म्हणून तर बोलायची पंचाईत! लेकीला नाकी नऊ आले होते हे काकांना दिसत नव्हतं का? मग कुठल्या तोंडानं म्हणणार, की तुझ्या आईला धाडून दे, मला करमत नाही? या वयात माणसाला करमत नाही म्हणे. हसायचे लोक. तिकडे जाऊन राहावं, तर ते पाच-सहा मजले वर, काचेच्या गॅलरीत. एकदा राहून आले होते. दोन दिवस नातवाला खांद्यावर घेऊन फिरवला, तिसऱ्या दिवशी खाली उतरून इमारतीच्या पायाशी बसून फटी तपासत होते, रखवालदारानं हटकलं. जावई बिचारा ओशाळला. काका त्याच आठवड्यात परत आले.

रोज संध्याकाळी फोन मात्र व्हायचा. आणि फोनवर या गृहस्थांनी काय करून ठेवलं ऐका. काकूंनी पहिल्याच आठवड्यात काळजीनं विचारलं होतं, "अहो, एकट्याला कसं जमतंय?" तर काका म्हणाले, "मजेत. उलट तू नाहीस तर काम लवकर उरकतं." काकू म्हणाल्या, "हो का?" काकांना वाटलं, चला, बायकोच्या जिवाचा घोर मिटला. मग रोज त्यात भर. आज एकट्यानं सबंध घर उरकलं. आज मालक म्हणाला, असं काम पाहिलं नाही. काकू म्हणायच्या, "छान." पुढे पुढे त्यांनी विचारायचंच सोडलं.

खरं काय होतं? एकट्या माणसाला हातभर सीलंट ओढायचं, गन खाली ठेवायची, हात पुसायचे, वाडग्यात बोट बुडवायचं, फिरवायचं, परत हात पुसायचे, परत गन. जिथे थांबावं तिथे बारीकशी गाठ राहते. दुसऱ्याला दिसतही नाही. काकांना ती लांबून दिसायची आणि सलायची. सोबतीला माणसं ठेवून पाहिली. एक जण सतत फोनवर, दुसऱ्याचं बोट कुदळीसारखं. शेवटी काकांनी नाद सोडला. घरी यायचे, भात टाकायचे, कोरड्या बोटांना तेल लावायचे आणि काकूंच्या उशीकडे पाठ करून झोपायचे, कारण तिच्याकडे तोंड केलं की झोप येत नसे.

तर त्या दिवशी काम होतं नर्सबाईंकडे. नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, खणखणीत आवाजाच्या. घर टुमदार, पण बाजूची भिंत भलतीच लांब, आणि तिच्या कडेनं सबंध फरसबंदी. मधली फट आधीच्या कुणीतरी सिमेंटनं भरलेली, आणि अर्थातच फुटलेली. काकांनी आदल्या दिवशी ती सगळी खरवडून काढली, झाडली, दोरी बसवली. सकाळी येऊन चिकटपट्ट्या लावल्या. बाजूला वाडगं भरून ठेवलं, गन घेतली आणि कोपऱ्याला बसले.

काय झालं त्यांचं त्यांना कळलं नाही. हवा छान होती. गन नवी, सीलंट लोण्यासारखं येत होतं. आदल्या संध्याकाळी फोनवर नातीनं पहिल्यांदा "आबा" म्हटलं होतं आणि ते डोक्यात घोळत होतं. भिंतही सरळ, कुठे अडथळा नाही. काका सरकत राहिले. हात एका गतीला लागला आणि त्याबरोबर तोंडही.

"पोरगी तुझ्यावर गेली, बघ. आबा म्हणाली ती हुकूम सोडल्यासारखी. आणि काय गं, त्या थोरल्याला चष्मा लागला म्हणतात? एवढ्याशा पोराला? आपल्याकडे या वयात कुणाला नव्हता... इथे खड्डा आहे हां, जरा जास्त पडलंय, मागून दाबून घे."

सरकले.

"घरचा मागचा दिवा गेलाय. आणीन आणीन म्हणतो, राहून जातं. तू असतीस तर आत्तापर्यंत चारदा बोलली असतीस... दमलीस का? गप्प का आहेस?"

"कुणाशी बोलताय हो?" खिडकीतून नर्सबाईंनी विचारलं.

काकांनी मागे वळून पाहिलं.

या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सीलंटची जाडजूड, कच्ची, फुगीर रेघ पडली होती. तिच्यावर कुणी बोट फिरवलं नव्हतं. वाडगं तिकडे लांब, जिथे ठेवलं होतं तिथेच, एकटं. साबणाच्या पाण्यावर एक पान येऊन पडलं होतं.

काका धावले. धावले म्हणजे त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. बोट बुडवून रेघेवर टेकवलं तर कातडं सरकावं तशी साय सरकली. पुढे पाहिलं, तिथेही तेच. अर्ध्यापर्यंत गेले आणि मग होते तिथेच फरशीवर बसले. माल फुकट गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. इतकी वर्षं काम केलं, असली चूक शिकाऊ माणूसही करत नाही, याचीही लाज वाटली नाही. त्यांना बायको हवी होती. तिचा आवाज हवा होता मागून, तिचं ते "जरा दमानं घ्या की" हवं होतं.

नर्सबाई बाहेर आल्या. त्यांनी रेघ पाहिली, वाडगं पाहिलं, काकांचं तोंड पाहिलं. आयुष्यभर माणसांच्या उशाशी उभं राहिलेली बाई ती, तिला काय सांगावं लागणार? "पाणी प्या आधी," एवढंच म्हणाल्या.

दुपारभर काका पात्यानं ते सगळं कापून काढत बसले. कापताना त्यांनी मनाशी बरंच काही ठरवलं आणि तितकंच मोडलं. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा हात पुसून त्यांनी उन्हं उतरायच्या आतच फोन लावला. फोन नेहमी संध्याकाळी व्हायचा, त्यामुळे तिकडे काकूंनी पहिल्या घंटेलाच उचलला.

"काय झालं? पडलात का?"

"नाही गं."

"मग? छातीत दुखतंय का? खरं सांगा."

"सबंध भिंत भरली," काका म्हणाले, "न थांबता. तू मागून येते आहेस असं समजून."

काकू आधी हसल्याच. हसणारच, धंद्यातल्या माणसाला त्यातली गंमत कळते. "सबंध? कोपऱ्यापर्यंत? अहो, तुम्हाला झालंय काय..." आणि हसता हसता त्यांना काहीतरी आठवलं. मागे नात काहीतरी आपटत होती.

"तुम्ही तर म्हणत होता, एकट्यानं छान होतं. मी नसले की काम लवकर उरकतं म्हणून."

"खोटं बोललो."

"रोज?"

"रोज."

"कशाला पण?"

"तू तिकडे जिवाला लावून घेशील म्हणून."

"आणि मी इकडे काय समजून बसले?" काकूंचा आवाज चढला. "की माझ्यावाचून यांचं काही अडत नाही. बरंच झालं म्हणतात, ब्याद टळली. मी काय करते माहितीये? लेकीच्या न्हाणीघरातल्या टाइलांवरून बोट फिरवत बसते. वेड लागलं म्हणाली परवा लेक. आणि तुम्ही तिकडे मजेत!"

"मजेत नाहीये मी."

"मग बोलायला काय झालं होतं तोंडाला?"

काकांना समोरासमोर कधी बोलता आलं नव्हतं आणि फोन तर त्याहून वाईट. पण ते भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले, जणू गन हातात आहे, आणि म्हणाले, "ये ना गं. मला करमत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "ती भिंत तशीच ठेवा," काकू म्हणाल्या. "हात लावू नका. मी आले."

काकांनी नर्सबाईंना सांगितलं की बाकीचं काम दोन दिवसांनी. "का?" नर्सबाईंनी विचारलं. "बायको येतेय," काका म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

काकू आल्या त्या जावयानं दोन दिवसांची रजा टाकली म्हणून. हातात छोटी पिशवी, आणि पिशवीत परतीचं तिकीट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं. ते त्यांनी आल्या आल्या काकांना दाखवलं, म्हणजे नंतर गैरसमज नको. लेकीला ऐन वेळी दुसरं कोण होतं? काका म्हणाले, "असू दे." आणखी काय म्हणणार?

सकाळी दोघं नर्सबाईंकडे गेली. काकूंनी आधी चिकटपट्ट्या तपासल्या, दोन ठिकाणी उकलून परत लावल्या. काकांनी लावलेल्या त्यांना कधी पसंत पडल्यात? मग काका कोपऱ्याला बसले, काकू वाडगं घेऊन मागे. गन चालू झाली. मागून पाण्याचा बारीक आवाज आला, मग बोटाचा, आणि काकांच्या पाठीला ते कळलं.

"घरचा मागचा दिवा बदलला मी," काकू म्हणाल्या. "काय ती अवस्था घराची!"

"आणणार होतो."

"आणणार होते म्हणे. आणि उशीला अभ्रा नाही, तो कुठाय?"

अशी बोलणी सुरू झाली. नातवाचा चष्मा झाला, लेकीच्या वरिष्ठ बाईचा खवटपणा झाला, नातीला पुढल्या वर्षी पाळणाघरात घेतील की नाही ते झालं. अर्धी भिंत झाली. काकांनी समोर पाहिलं तर पलीकडचा कोपरा दिसायला लागला होता. त्यांचा हात मंदावला. मग आणखी मंदावला.

"अहो, जाड पडतंय," मागून आलं. "हात का आखडलात? चला पुढे."

"संपेल ना," काका म्हणाले.

काकूंचं बोट क्षणभर थांबलं. मग त्या म्हणाल्या, "साय धरतेय. चला." आवाज नेहमीसारखा नव्हता. काका चालले. काम थांबवता येत नाही, त्याला तेही काय करणार? कोपरा आला. काकांनी गन खाली ठेवली, काकूंनी शेवटचं बोट ओढून घेतलं आणि दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या. सबंध भिंतीला एकच रेघ, कुठे गाठ नाही.

नर्सबाई बघायला आल्या. "झालं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "मागच्या भिंतीला फट नाही. मी परवाच बघितली. ती चांगली आहे."

काकू हात पुसत होत्या. पुसता पुसता त्या घराच्या मागे गेल्या. काका आणि नर्सबाईही त्यांच्यामागे गेले. काकू गुडघ्यांवर बसल्या, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे वाकून पाहू लागल्या, बोट टेकवून हळूहळू सरकल्या. ज्या बाईनं आजवर कुणाच्या घरी गरजेपेक्षा वीतभर काम जास्त सांगितलं नव्हतं, ती अगदी ठाम आवाजात म्हणाली, "आहे. बारीक आहे, पण आहे. उद्या करावी लागेल. याचं काही द्यायचं नाही हं तुम्ही, हे आमच्याकडून."

"सकाळी म्हणालात ना, तुमचं आजचं तिकीट आहे?" नर्सबाई म्हणाल्या.

"बदलता येतं," काकू वर न बघता म्हणाल्या. "जावयाला अजून एक दिवस रजा मिळते का विचारते. अहो, तुम्ही बघा ना. नाहीये का?"

काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तिथे काही नव्हतं. भिंत आणि फरशी एकमेकींना चिकटून होत्या, केस जाणार नाही इतक्या. काकूंचं बोट अजून त्यावर टेकलेलं होतं.

"आहे," काका म्हणाले. "चांगली दोन दिवसांची आहे."